वाचकांचे प्रश्न : घरची शाळा, घरची प्रार्थना

प्रश्न : सलाम. जूनपासून मुलाला (वय 8) आणि मुलीला (वय 6) घरीच शिकवते. वजाबाकीवरून मुलाशी रोज खटका उडतो. 52 मधून 27 वजा करायला दिले की तो 35 लिहितो, कितीही सांगितलं तरी. चिडून मी पवित्र शास्त्रातलं (बायबलमधलं) एखादं वचन दहा वेळा लिहायला लावते. आता तो संध्याकाळच्या प्रार्थनेलाच बसत नाही. काय करू?
– एक आई, अहिल्यानगर

उत्तर : ताई, वचन लिहिण्याची शिक्षा आजच थांबवा. प्रार्थनेशी त्याचं वाकडं नाही, पण शास्त्र उघडलं की त्याला गणिताची वही आठवते. कलस्सैकरांस पत्रात (3:21) पौल बापांना हेच बजावतो : मुलांना चिरडीला आणू नका, नाहीतर ती खिन्न होतात. शिकवणाऱ्या आईला हे जास्तच लागू आहे, कारण चुका दाखवणं हे तिचं दिवसभराचं कामच होऊन बसतं.

त्याला एकट्याला जवळ घ्या आणि म्हणा, ‘वचन शिक्षा म्हणून लिहायला लावलं, ते माझं चुकलं.’ पुढे ‘पण तूही...’ जोडू नका.

आता वजाबाकी. 35 हे उत्तर हट्टाचं नाही. तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतोय : 7 मधून 2, 5 मधून 2. दशक सुटा करणं त्याला समजलेलंच नाही, म्हणून तीच रीत पुन्हा सांगून उपयोग नाही. दहा-दहा काड्यांचे 5 गठ्ठे रबराने बांधा, 2 काड्या सुट्या ठेवा. 27 काढायला सांगा. सुट्या पुरत नाहीत हे त्याचं त्यालाच दिसेल. एक गठ्ठा त्याच्याच हाताने सोडवू द्या : 4 गठ्ठे, 12 सुट्या. उरतील 25. आठवडाभर रोज अशी चारच गणितं द्या, काड्या आणि वही शेजारी ठेवून. गणित वीस मिनिटांवर नेऊ नका. रडू आलं तर वही मिटा, उरलेलं उद्या. या वयाला लिखापढी दोन-अडीच तास भरपूर झाली. धाकटीला त्याहून कमी.

प्रार्थना मोडू नका, लहान करा. अभ्यासाच्या जागी नको, शक्यतो बाबा घरी आल्यावर, दहा मिनिटं : एक गाणं, मार्ककृत शुभवर्तमानातल्या आठ-दहा ओवी, आणि असा एक प्रश्न ज्याचं उत्तर चुकू शकत नाही. वादळाची गोष्ट वाचली तर, ‘त्या होडीत तू असतास तर येशूला काय म्हणाला असतास?’ त्याने नुसतं शेजारी बसावं; मोठ्याने प्रार्थना करायची सक्ती नको. तुमच्या प्रार्थनेत ‘देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे’ हे काही दिवस तरी नको. ती त्याला तक्रार वाटते, आणि तीही देवाकडे केलेली. पाठांतराचं वचन आठवड्याला एकच, आणि ते आई-बाबांनीही म्हणून दाखवायचं.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (6:7) मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता बोलत जा असं सांगितलंय. तेव्हा बाजाराच्या वाटेवर सहज निघालेलं बोलणंही शिक्षणच आहे, आणि तिथे वही नसते.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची, घरीच शिकते. दहावीचं काय?
– एक वडील, वसई

उत्तर : एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हिच्याकडून शाळेत न जाताही दहावी देता येते. तिच्या माध्यमिक (दहावीच्या) परीक्षेला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय, त्यांत एक तरी भाषा. माध्यम मराठीही घेता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणून दोन-दोन विषय देऊन मोकळं होता येतं. जन्मदाखला आणि असल्यास शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. तोवर तिला शाळेत जावंसं वाटलं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 4 नुसार वयाप्रमाणे वर्ग मिळतो. तिला हे आत्ताच सांगून ठेवा.