एटीकेटी आणि एलएलएमचा अर्ज

अरे, एलएलबीत एक एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्षात जाणं) आणि शेवटी ५८ टक्के, मग परदेशात एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, कोण घेईल असं विचारतोस; एवढ्यावर खचू नकोस. फक्त ऑक्सफर्डच्या बीसीएलचा, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीचा, नाद सोड. तिथे फर्स्ट क्लास ऑनर्सच्या तोडीची पदवी मागतात, अर्जाची फी फुकट जाईल. केंब्रिजचंही तेच. अमेरिकेत मात्र गुणपत्रिकेसोबत निबंध, शिफारसपत्रं आणि अनुभव यांनाही वजन असतं.

आपल्याकडे पेपर किती हात आखडून तपासतात, हे तिकडे आपोआप कळत नाही. वर्गात तुझा नंबर चांगला असेल तर कॉलेजकडून तसं पत्र घे. एटीकेटीबद्दल दोन वाक्यं पुरेत. मी माझ्या निबंधाच्या पहिल्या मसुद्यात वडिलांच्या आजारपणावर अख्खं पान खर्ची घातलं होतं. सीनियरनं वाचून एवढंच विचारलं, "यात वकील कुठाय?" मग ते पान काढलं आणि एका जामीन अर्जाचा किस्सा घातला. त्या प्रकरणातल्या पंचनाम्यावर वेळच टाकलेली नव्हती. तिथून मला पुराव्याच्या कायद्यात काय शिकायचंय, हे आपसूक लिहिता आलं.

शिफारसपत्रासाठी बड्या नावामागे धावू नकोस. तुझे ड्राफ्ट लाल शाईनं रंगवणारे वकील जास्त कामाचे.

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कामाचे २,८०० तास, म्हणजे साधारण दोन वर्षं लागतात. तेवढी प्रॅक्टिस झाल्यावरच भर. आणि ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठात आजच अर्ज टाक. खिडकीवरचे साहेब नेमके जेवायला गेलेले असतात.