गाडीचा सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारला की कधी टकटक, कधी खर्रर्र आवाज येतो. गॅरेजवाला पूर्ण सेल्फ बदला म्हणतो, बदलू का?

एवढ्यात अजिबात बदलू नका. प्रश्न वाचला आणि २०१९ चा पावसाळा आठवला, म्हणून लिहायला बसलो.

ठाण्यात मानपाड्याला आमच्या बिल्डिंगखाली गाडी पंधरा दिवस उभी होती, सकाळी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि सेल्फ मारला तर नुसतं टकटकटकटक. भावोजी तेव्हा आमच्याकडेच होते, त्यांनी हेडलाइट लावून परत मारायला सांगितलं, लाइट होता तेवढाच राहिला, म्हणाले बॅटरी ठणठणीत आहे, म्हणजे सेल्फ गेला. सर्व्हिस सेंटरवाल्याने तर फोनवरच नवीन सेल्फचा भाव सांगितला, गाडी न बघता! मला पटेना. उभी केली त्या दिवशी हाच सेल्फ एका झटक्यात उचलत होता.

रिक्षाने वागळे इस्टेटला गेलो आणि एका ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन आलो. त्याने काहीही खोललं नाही. जंपर केबलची काळी वायर काढली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनच्या लोखंडी हुकाला, आणि म्हणाला मारा. गाडी चालू! गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी होती, तिच्या बोल्टखाली गंज आणि पांढरी भुकटी. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. दोनशे रुपये.

हेडलाइटची अर्थिंग बॉडीला असते, सेल्फची इंजिनला, त्यामुळे लाइट चांगला म्हणजे सेल्फ गेला हे गणितच चुकीचं आहे. सेल्फला शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो, गंजलेल्या जोडातून तेवढा जात नाही, मग सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतो, व्होल्टेज पडतं, सोडतो, परत ओढतो, तीच ती टकटक. मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरी मायनस ते इंजिन मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब.

खर्रर्रचं प्रकरण वेगळं, तिथे बेंडिक्सचं पिनियन, म्हणजे सेल्फच्या टोकाचं पुढे सरकणारं छोटं दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये नीट बसत नाही. ते मात्र लांबवू नका, रिंगचे दात गेले की गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो. मोटर नुसती घूंऽऽ फिरते आणि इंजिन हलत नाही, तरी बेंडिक्सच बघा. बेंडिक्स, कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश), बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) बहुतेक सेल्फमध्ये सुटे बदलून मिळतात, पूर्ण सेल्फ कशाला?

हां, टकटक असेल तर बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली असते, माझ्यासारखं दरवेळी नसतं, आधी तीच चेक करा, सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली तर बॅटरी. आणि गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढूनच हे सगळं करा.

भावोजी अजूनही म्हणतात की तो सेल्फ जाणारच होता. गाडी मी २०२४ ला विकली, भावोजी, तेव्हाही आत तोच सेल्फ होता.