कोड जुना असतो, म्हातारा का नसतो?

प्रश्न असा आलाय: 'हा कोड म्हातारा झालाय' म्हटलं की सॉफ्टवेअरच्या टीममधे सगळे हसतात, 'जुना झालाय' म्हटलं तर कुणी हसत नाही, असं का? मग 'तो आमच्याकडचा जुना डेव्हलपर आहे' यातला जुना म्हणजे वयाने मोठा का? आणि लेगसी कोडला, म्हणजे आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेल्या आणि अजून वापरात असलेल्या कोडला, मराठीत काय म्हणायचं?

मधल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. माणसाला 'जुना' लावलं की ते वयाबद्दल नसतंच, नातं किती दिवसांचं आहे त्याबद्दल असतं. 'जुना मित्र' आणि 'म्हातारा मित्र' शेजारी ठेवून बघा. पंचविशीतला पोरगा टीममधला सगळ्यात जुना असू शकतो आणि पन्नाशीतला माणूस नवा. मी सध्या तसाच नवा आहे. डिप्लॉयमेंट (तयार प्रोग्रॅम प्रत्यक्ष वापरात आणणं) कुठे अडकलं विचारलं की मला सांगतात 'जुन्या लोकांना विचारा', आणि ते जुने लोक म्हणजे ज्यांनी माझी पहिली नोकरी लागली तेव्हा शाळेचं तोंडही बघितलेलं नव्हतं. पण वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, मराठी म्हणून त्यात काही खोट काढता येत नाही.

आता हसू का येतं. म्हातारा फक्त सजीवाला लावतात, माणूस, बैल, फारतर झाड, त्यामुळे कोडला लावलं की त्याला एकदम हातपाय फुटतात. पण व्युत्पत्ती बघितली तर मजा वेगळीच आहे. 'जुना' हा संस्कृत जीर्ण/जूर्ण, मग प्राकृत जुण्ण, असा आलाय, मूळ धातू 'जॄ' म्हणजे झिजणे, वय होणे. 'जरा' म्हणजे म्हातारपण तेही त्यातलंच, आणि 'अजीर्ण'सुद्धा, कारण पोटात जे जिरलं नाही ते अजीर्ण. उलट 'म्हातारा' आलाय 'महत्तर'वरून, म्हणजे अधिक मोठा! म्हणजे शब्दांच्या हिशोबाने वस्तू झिजते आणि माणूस मोठा होतो. आपण म्हणी मात्र बरोब्बर उलट्या करून ठेवल्यात, वस्तूला 'जुनं ते सोनं' आणि माणसाला 'साठी बुद्धी नाठी'. थेरडा तर अजून बिचारा, तो 'स्थविर'वरून आलाय, थेरवाद या बौद्ध पंथाच्या नावातला 'थेर' तोच, तिकडे आदरणीय ज्येष्ठ भिक्षू आणि इकडे शिवी. (माझं वय बघता यात माझा स्वार्थ आहे असं कुणी म्हणेल, तर आहे.)

जीर्णवरून माझा एक जुना वाद आहे. लोक 'जीर्ण झालेली सिस्टिम' लिहितात ते मला पटत नाही. बॅटरी जीर्ण होते, तिची क्षमता चार्जिंगच्या प्रत्येक फेरीबरोबर थोडी थोडी कमी होते, कीबोर्डवरची अक्षरं पुसली जातात, पंखा घरघरायला लागतो, तिथे जीर्ण म्हणा. पण फाइल झिजत नाही हो. वीस वर्षांपूर्वीच्या फाइलमधला प्रत्येक बाइट आजही जसाच्या तसा असतो, बदलतं ते आजूबाजूचं सगळं, ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, लायब्ररी (इतरांनी लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड) बदलतात, ज्याला ते कळत होतं तो माणूस नोकरी सोडून जातो. अशाला 'कालबाह्य' हा शब्द चपखल आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा, पायथन २ चा, अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, त्या रात्री कुठल्या प्रोग्रॅमला काही झालं नाही, पण कालबाह्यतेचा शिक्का बसला.

अक्षरशः कालबाह्य बघायचं असेल तर २०३८ चा घोळ बघा. युनिक्स पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि तो आकडा ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत (त्यातलं एक अधिक-उणे चिन्हाला), ठेवला असेल तर त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतं. १९ जानेवारी २०३८ ला तो मोजणीचा डबा भरणार आणि पुढच्या सेकंदाला आकडा उणे होऊन अशी सिस्टिम डिसेंबर १९०१ मधे जाऊन पडणार. तिथेही झिजलं काहीच नाही, जागा कमी पडली. उपाय म्हणून ६४ बिट कधीचे आलेत, पण कुठल्या मशीनच्या पोटात अजून ३२ च आहेत हे शोधायचं काम जुन्या लोकांनाच लागणार. इथला 'जुन्या' मात्र दोन्ही अर्थांनी घ्या.

नुसतं वय झालं म्हणून कालबाह्य होत नाही हेही आहेच. कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेची आखणी १९५९ ची आणि बँकांचे व्यवहार अजून तिच्यावर चालतात. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, सत्तरच्या दशकातली, तिला कुणी म्हातारी म्हणत नाही कारण सगळ्यांचं पोट तिच्यावर आहे. तेव्हा कोबोलला जुनी म्हणा, 'जुनाट' म्हणू नका. जुनाटमधे तक्रार असते, जुनाट खोकला, जुनाट विचार, म्हणजे जायला हवं होतं पण जात नाही ते. नवीन आलेली मुलं दोन वर्षांपूर्वीच्या फ्रेमवर्कला (प्रोग्रॅम बांधायच्या तयार सांगाड्याला) जुनाट म्हणतात तेव्हा मला शब्दापेक्षा त्या दोन वर्षांचं वाईट वाटतं.

लेगसीला 'वारसा' करतात ते शब्दशः बरोबर आणि कानाला साफ चूक, कारण वारसा म्हटलं की अभिमान आला, आणि लेगसी कोडबद्दल अभिमान असलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी 'वडिलार्जित' म्हणतो. त्यात सगळं येतं, आपण कमावलेलं नाही, नाकारता येत नाही, सोबत कर्ज आहे, आणि पाडायचं म्हटलं तर शंभर जणांच्या सह्या. 'हे मोड्यूल वडिलार्जित आहे, हात लावू नको' हे ज्याला सांगितलं त्याला परत समजावायची गरज पडत नाही. विरुद्धार्थी 'स्वकष्टार्जित' आयता मिळतो, आपणच रात्री दोनला लिहून ठेवलेल्या घोळासाठी.

सीनियरला काय, असंही पुढे विचारलंय. वयस्कर, वयोवृद्ध नको, ते फक्त वय सांगतात. 'मुरलेला'मधे थोडा बेरकीपणाचा वास येतो (मुरलेला राजकारणी), 'पोक्त' स्वभावाबद्दल आहे. मला 'कसलेला' आवडतो, कोड न लिहिता प्रश्न सोडवणाऱ्या माणसाला तो शोभतो. आणि भाषांतर करणाऱ्यांना एक विनंती, सेटिंगमधे वयाच्या पर्यायाला हिंदीवरून उचलून 'वयस्क' लिहू नका. हिंदीत ते सज्ञान, मराठीत ऐकणाऱ्याला म्हातारा, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्या मुलीला स्क्रीन एकदम आजीबाई करून टाकते. 'प्रौढ' लिहा.

राहता राहिला म्हातारा कोड. तोंडी बिनधास्त म्हणा, लोक हसले तर हसू द्या. फक्त डॉक्युमेंटेशनमधे लिहू नका, सहा महिन्यांनी कुणीतरी शोधत येतं की म्हातारा कोण.