बेल-भंडारा उचलण्याचा आग्रह आणि न्यायालयात प्रलंबित असलेला दावा

उत्तर सोलापूर तालुक्यातील एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे : "माझ्या दिवंगत वडिलांनी २०११ साली २ लाख रुपये रोख घेऊन आमच्या जमिनीपैकी २० गुंठे विकत देण्याचे तोंडी कबूल केले होते, असे म्हणत माझ्या चुलतभावाने २०२५ मध्ये सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात आई आणि मी यांच्याविरुद्ध दावा लावला आहे. सातबारा आमच्या नावे आहे, जमीन आजही आम्हीच कसतो आणि त्याच्याकडे पैशांची पावती नाही. भावकीतील वडीलधाऱ्यांनी आता तोडगा सुचवला आहे. मी बाळ्याच्या खंडोबापुढे बेल-भंडारा उचलून आणि धाकट्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून 'वडिलांनी पैसे घेतले नाहीत' असे म्हणावे. म्हटले तर तो दावा काढून घेईल, नाही म्हटले तर मी २० गुंठे सोडावेत. तसा मजकूर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर टाइप होऊन तयार आहे. नकार दिल्यास आमच्या दारात भंडारा उधळून उपाशी बसेन आणि देवाचा कोप तुमच्या घरावर आणेन, असे तो सांगतो. आई घाबरली आहे. माझा नकार न्यायालयात माझ्याविरुद्ध जाईल का? मी स्वतः देव मानत नाही, मग साक्षीच्या वेळी शपथ कशी घेऊ? आणि मंत्री शपथ मोडतात तेव्हा त्यांचे काही बिघडत नाही, तर न्यायालयातल्या शपथेला तरी काय अर्थ?"

आपले पत्र आणि सोबत पाठवलेली मुद्रांकावरील मजकुराची छायाप्रत मी काळजीपूर्वक वाचली. सर्वांत आधी सांगायचे ते हे की, त्या मुद्रांकावर आपण किंवा आपल्या मातोश्रींनी सही अथवा अंगठा करू नये, आणि कोणी आग्रह केल्यास "वकिलांना विचारल्याशिवाय करणार नाही" एवढेच उत्तर द्यावे. आपण शपथेची धास्ती घेतली आहे, परंतु माझ्या मते खरा धोका त्या कागदात आहे. जमिनीची मालकी अशा नोंदणी न केलेल्या कागदाने हस्तांतरित होत नाही हे खरे असले, तरी दावा प्रलंबित असताना उभय पक्षांनी सही केलेला लेखी समझोता दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २३व्या आदेशातील तिसऱ्या नियमाखाली तडजोड म्हणून न्यायालयापुढे ठेवता येतो. न्यायालयाला तो कायदेशीर वाटला तर त्यावर हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा बंधनकारक निर्णय, होतो, आणि दाव्यातील मिळकतीपुरत्या अशा हुकूमनाम्याला सर्वसाधारणपणे नोंदणीही लागत नाही. आपण पुढे त्याला हरकत घ्याल आणि कदाचित जिंकालही, परंतु आज जो वाद चुलतभावाला पुराव्याने सिद्ध करावा लागणार आहे, तो उद्या आपल्याला सहीच्या जंजाळातून सोडवत बसावे लागेल.

आता शपथेविषयी. भावकीतील वडीलधारे हा तोडगा मनाने काढत आहेत असे समजू नका, कारण एके काळी कायद्यानेच तो मान्य केलेला होता. भारतीय शपथ अधिनियम, १८७३ च्या कलम ८ ते १२ मध्ये अशी सोय होती की, एका पक्षाने "समोरच्याने अमुक प्रकारची शपथ घेतली तर मी त्याचे म्हणणे मान्य करीन" असे न्यायालयात सांगितले, आणि समोरच्याने ती शपथ घेतली, तर ते कथन सांगणाऱ्या पक्षाविरुद्ध निर्णायक पुरावा ठरत असे. ती शपथ न्यायालयाबाहेर घ्यायची असेल, तर त्यासाठी आयुक्त नेमण्याचीही तरतूद होती. मात्र त्या कायद्यानेही दोन मर्यादा घातल्या होत्या. शपथ न्यायबुद्धीला आणि सभ्यतेला सोडून असता कामा नये, आणि तिचा परिणाम तिऱ्हाईत व्यक्तीवर होईल असा तिचा आशय असता कामा नये. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायची शपथ १८७३ च्या या कसोटीलाही उतरली नसती. शिवाय नकार देणाऱ्यावर सक्ती करता येत नव्हती. काय विचारले, त्याने नकार दिला आणि त्याचे कारण काय सांगितले, एवढी नोंद न्यायालय करीत असे.

विधी आयोगाच्या २८व्या अहवालानंतर शपथ अधिनियम, १९६९ आला, त्याने १८७३ चा कायदा रद्द केला आणि ही विशेष शपथेची पद्धत नव्या कायद्यात घेतलीच नाही. फक्त त्या वेळी चालू असलेल्या ज्या प्रकरणांत पक्षकारांनी आधीच तशी संमती दिली होती, तेवढ्यांपुरती ती शिल्लक ठेवली. म्हणजे आज आपण खंडोबापुढे शपथ घेतली तरी ती न्यायालयात आपल्या बाजूचा पुरावा होत नाही, आणि घेतली नाही म्हणून आपल्याविरुद्ध अनुमान काढण्यासही कायद्यात आधार नाही. पैसे दिले आणि करार झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी जो ते म्हणतो त्याच्यावर, म्हणजे चुलतभावावर आहे. ती आपल्या नकाराने हलत नाही.

वडीलधाऱ्यांना कायद्याची कलमे सांगून उपयोग होणार नाही, म्हणून त्यांच्याशी परंपरेच्याच भाषेत बोलावे असे मी सुचवीन. शपथ आणि दिव्य, म्हणजे खरेखोटे ठरवण्यासाठी देवाच्या साक्षीने द्यायची परीक्षा, यांचा विचार आपल्याकडच्या स्मृतिकारांनी फार बारकाईने केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. त्यांतील कोश म्हणजे देवतेच्या स्नानाचे तीर्थ प्यायचे आणि १४ दिवसांत राजाकडून किंवा दैवाकडून काही मोठे संकट आले नाही, तर तो माणूस शुद्ध मानायचा. मराठेशाहीतही वतनाच्या भांडणांत तापलेल्या तेलातून धातूचा रवा काढण्याचे दिव्य होत असे, आणि हातांवर पिशव्या बांधून, मोहर करून, काही दिवसांनी ते तपासले जात. परंतु हे सारे केव्हा करायचे, याविषयी तीच स्मृती स्पष्ट आहे. लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही तीन प्रमाणे आहेत, आणि यांपैकी एकही नसेल तरच दिव्याकडे वळायचे. आपल्याकडे सातबारा आणि फेरफाराच्या रूपाने लेख आहे, आणि जमीन आपणच कसता म्हणजे भोगवटाही आहे. तेव्हा ज्या परंपरेच्या नावाने आपल्याला देवळात बोलावले जात आहे, त्या परंपरेप्रमाणेही आपल्यावर शपथेची वेळ आलेली नाही. हे जर कोणी जाणत्या गृहस्थाने भावकीच्या बैठकीत शांतपणे मांडले, तर माझा अंदाज आहे की निम्मा आग्रह तेथेच ओसरेल.

याहून महत्त्वाची एक अडचण आपल्या पत्रातच दडलेली आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्याला जी शपथ घ्यायला सांगितली आहे ती आपण काय केले किंवा काय पाहिले याविषयी नाही. २०११ साली वडिलांनी काय केले किंवा केले नाही, याविषयी ती आहे. आपण त्या वेळी पुण्यात नोकरीला होता असे लिहिले आहे. मग "वडिलांनी पैसे घेतले नाहीत" हे आपल्याला स्वतःच्या माहितीने ठाऊक असणे शक्यच नाही. आपला विश्वास आहे की घेतले नाहीत, आणि तो रास्तही असेल, परंतु विश्वास आणि माहिती यांतला फरक देवळातली शपथ पुसून टाकते, तर न्यायालयातली शपथ तो फरक लिहून द्यायला लावते. प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीतील मजकूर कोणता आणि दुसऱ्याकडून कळून खरा वाटलेला कोणता, हे वेगळे सांगावे लागते, आणि सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने होणारी पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर झाली तरी पुढे उलटतपासणी असतेच. म्हणून आपल्या प्रतिज्ञापत्रात "वडिलांनी अशा व्यवहाराचा कधी उल्लेख केला नाही, त्यांच्या बँक खात्यात तशी नोंद नाही, जमीन सतत आमच्या वहिवाटीत आहे" एवढेच, आणि त्यातही प्रत्यक्ष तपासलेले तेवढेच लिहावे. वडिलांचे त्या काळातील पासबुक अजून पाहिले नसेल, तर आधी ते पाहावे. तेथे २ लाखांची काही नोंद निघाली, तर ती लपवून शपथ घेण्याचा सल्ला मी आपल्याला देणार नाही.

चुलतभाऊ आपल्याकडून शपथ मागतो आहे, परंतु त्याने स्वतः शपथ आधीच घेतलेली आहे. २००२ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीपासून दाव्याच्या अर्जासोबत त्यातील मजकुराच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते. त्याच्या प्रतिज्ञापत्रात पैसे कोठे, कोणासमक्ष आणि कोणत्या तारखेला दिले हे नेमके लिहिले आहे का, हे आपल्या वकिलांना बारकाईने पाहायला सांगा, कारण त्याची उलटतपासणी तेथूनच सुरू होईल. तोंडी करार कायद्याने अशक्य नसतो, मात्र विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, आणि करारपूर्तीच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. ती करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून मोजतात. २०११ च्या करारावर २०२५ मध्ये दावा कसा मुदतीत बसतो, याचे उत्तर त्याला द्यावे लागेल.

न्यायालयात जाणूनबुजून खोटी साक्ष देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली ७ वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. मात्र ती तक्रार आपण पोलीस ठाण्यात थेट करू शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि न्यायहितासाठी कारवाई आवश्यक आहे असे न्यायालयाला वाटले तरच पुढे काही होते. अनेक पक्षकार पहिल्याच तारखेला हा अर्ज करतात आणि मूळ दावा बाजूला पडतो. आपण निकाल लागेपर्यंत थांबावे.

देव न मानण्याविषयी आपल्याला संकोच बाळगण्याचे कारण नाही. १९६९ च्या कायद्याचे कलम ५ साक्षीदाराला शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याचा पर्याय देते, आणि दोन्हींचे वजन व खोटेपणाची शिक्षा अगदी सारखी आहे. कारण विचारले जात नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर "मी प्रतिज्ञेवर सांगेन" एवढे म्हणणे पुरते. चित्रपटांत दिसणारी लाल कापडातली गीता कायद्याच्या नमुन्यात कोठेच नाही. हिंदू साक्षीदारांना गंगाजलावर आणि मुसलमान साक्षीदारांना कुराणावर शपथ घ्यायला लावण्याची सक्ती कंपनी सरकारने १८४० च्या ५व्या कायद्याने बंद केली, कारण त्या सक्तीमुळे अनेक भले लोक साक्षीलाच येत नसत.

मंत्र्यांविषयीचा आपला संताप मी समजू शकतो, परंतु त्या शपथेची जातच निराळी आहे. मंत्री किंवा आमदार संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील नमुन्याप्रमाणे पुढच्या वागणुकीचे वचन देतात, तर साक्षीदार घडलेल्या गोष्टीविषयी कथन करतो. वचन मोडले म्हणून खोट्या साक्षीचा गुन्हा होत नाही, आणि त्याचा हिशेब बहुतेक वेळा सभागृहात किंवा मतपेटीत होतो. मात्र पदाच्या उंबरठ्यावर हीच शपथ फार कडक आहे. उमेदवाराने छाननीपूर्वी विहित शपथ घेतली नाही तर त्याचा अर्ज बाद होतो, आणि शपथ न घेता विधानसभेत बसणाऱ्या सदस्याला अनुच्छेद १९३ प्रमाणे दर दिवसाला ५०० रुपये दंड आहे. केरळात २००१ मध्ये निवडून आलेल्या एका आमदाराने ईश्वराऐवजी श्री नारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने ती नमुन्याप्रमाणे नाही म्हणून ग्राह्य धरली नाही. त्या ५०० रुपयांची आज कोणाला भीती वाटत असेल असे मला वाटत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

राहिली धमकी. दारात बसून, "मी असे केल्याने तुझ्यावर देवाचा कोप होईल" अशी समजूत करून देऊन कोणाला कायद्याने बंधनकारक नसलेली गोष्ट करायला लावणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५४ खाली १ वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेचा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ५०८ होते, आणि त्याखालचे उदाहरण अगदी दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच होते. गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस आधी नोंद करून आपल्याला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतील, तरीही तो खरोखर येऊन बसला तर नोंद अवश्य करून घ्यावी. नुसते बोलणे चालू आहे तोवर मात्र पोलीस ठाणे गाठू नये, कारण चुलत्याच्या घराशी आपला उद्याही संबंध राहणार आहे. भावकीने नकाराबद्दल लग्नकार्यातून वगळणे किंवा व्यवहार तोडणे असे काही ठरवले, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा लागू होतो आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हीही होऊ शकतात.

आपल्या मातोश्रींची भीती कलमांनी जाणार नाही. त्यांना खंडोबाच्या दर्शनाला जायचे असेल तर जरूर जाऊ द्यावे, फक्त त्या दिवशी भावकीतील मंडळी सोबत नसावीत आणि तेथे पैशांचा विषय कोणी काढू नये. ओघात निघालेले "घेतले असतील थोडेफार" एवढे वाक्य न्यायालयात कबुली म्हणून सांगितले जाऊ शकते.

वडीलधाऱ्यांना सलोखा हवा असेल, तर त्यांना जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जावे आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करावी. तेथे झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच अंतिम असतो, त्यावर अपील नसते आणि वादीने भरलेले न्यायशुल्कही परत मिळते, ही गोष्ट चुलतभावाच्या कानावर घालण्यासारखी आहे. आपल्या मातोश्री स्वतः प्रतिवादी असल्याने त्यांना, स्त्री म्हणून, उत्पन्नाची अट न लागता तेथे मोफत वकीलही मिळू शकतो. चुलतभावाने स्वतःहून दावा काढून घेण्याची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दिली, तर तिच्यात "पुन्हा दावा दाखल करण्याची परवानगी राखून" असे शब्द नाहीत, हे आपल्या वकिलांनी त्याच दिवशी पाहावे, कारण ती परवानगी मिळाली तर हाच दावा पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. तूर्त लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले लेखी उत्तर, दाखल करण्याची मुदत किती उरली आहे ते आजच विचारून घ्यावे. ती समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांची असते, न्यायालय सकारण ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते, आणि बेल-भंडाऱ्याच्या वाटाघाटीत आपले किती दिवस गेले हे आपल्या पत्रात लिहिलेले नाही.