उत्तर: मार्चमधलं वेळास, दोन मुलं आणि गुडघेदुखीचे सासरे

तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच जुनी कटकट आठवली. मुलं सहा नि अकरा वर्षांची, सोबत सासू-सासरे, मार्चमधला शनिवार-रविवार, आणि वेळासला (रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव, तिथे कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात) 'कासवं नक्की दिसणार' म्हणणारं पॅकेज. ते घ्यावं का, असं विचारलंय तुम्ही. टोप्या, कपडे, उलटीच्या गोळ्या यावर लिहीत नाही, ते तुम्हाला कळतं.

माझं मत: घेऊ नका. गावात ज्या घरी पाहुणे म्हणून राहणार त्या घरी थेट फोन करा.

आम्ही शहरातल्या एका बुकिंगवाल्यांकडे सगळे पैसे आधीच भरले होते. निघायच्या आठवड्यात वेळासच्या घरी फोन केला तो सासऱ्यांसाठी कमोड आहे का विचारायला. काकू सहज म्हणाल्या, "आहे हो, पण या शनिवारी पिल्लांचं काही खरं नाही. पुढल्या आठवड्यात या की." लगेच बुकिंगवाल्यांना विचारलं. तारीख बदलून मिळणार नाही, पैसे परत नाहीत, आणि वर "मॅडम, सगळ्यांना दिसतात." घराचा नंबर आम्ही परस्पर मिळवला याचाच त्यांना जास्त राग! शेवटी गेलो. किनाऱ्यावर त्यांनीच आणलेली बसभर माणसं, घरट्यावरची टोपली उचलली तर खाली नुसती वाळू, आणि धाकटी रडून लाल. नंतर 'पुढच्या वर्षी सवलत देऊ' म्हणाले. पुढच्या वर्षी फोनच उचलला नाही. असो.

खात्री कोणीच देऊ शकत नाही, कारण ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालून निघून जाते. कार्यकर्ते ती अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत हलवतात आणि घातल्याची तारीख लिहून ठेवतात. पिल्लं बाहेर यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वाळू तापलेली असेल तर लवकर. म्हणजे अंदाज गावातच कळतो, तोही थोडे दिवस आधी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमाराला हे काम सुरू केलं, आणि त्यातूनच घरोघरी पाहुणे ठेवायची पद्धत गावात रुजली. तुमचे पैसे त्या घरात गेलेले बरे, असं मला वाटतं.

पिल्लं सोडायची वेळ सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. शुक्रवारी संध्याकाळच्या आत पोचून रविवारी सकाळपर्यंत राहिलात तर चार संधी मिळतात. शनिवारी दुपारी पोचणाऱ्यांना दोनच. मुलांची रजा टाका, शाळा बुडत नाही.

मुलं कंटाळतील का, हेही विचारलंय. थोडी कंटाळतील, कंटाळू द्या. आमच्या थोरल्याने रेंज नाही म्हणून सकाळभर तोंड फुगवलं, मग पोफळीच्या वाडीत पाटाचं पाणी अडवत बसला तो जेवायलाही येईना. सासरे ओटीवर घरच्या भाऊंशी सुपारीच्या भावावर बोलत बसले. माझी सुट्टी म्हणजे आयतं ताट: आमटी-भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. घरातली बाई तिथेही चुलीपुढे उभी राहणार असेल तर ती सहल नव्हे. जेवण बहुतेक घरी शाकाहारी असतं, मासे हवे असतील तर आधीच विचारा. किनाऱ्यापर्यंत चालावं लागतं आणि शेवटी वाळू आहे, त्यामुळे सासऱ्यांना काठी न्याच.

हा आमचा अनुभव काही वर्षांपूर्वीचा, वेळा-दर बदलले असतील. सगळीच पॅकेजवाली मंडळी अशी असतात असंही म्हणत नाही.

येताना हरिहरेश्वर करणार असाल तर वेश्वी-बागमांडला फेरीबोट घ्या. गाडीसकट सावित्री नदी ओलांडायची मजा आमच्या मुलांना कासवांइतकीच आवडली. शेवटची फेरी किती वाजता ते मात्र घरी विचारून घ्या. हरिहरेश्वरची समुद्रालगतच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा ओहोटी असेल तरच करा, तिथे माणसं वाहून गेली आहेत. मुलांचा हात सोडू नका आणि 'फक्त एक फोटो' म्हणणाऱ्या नवऱ्याचाही नको. आणि रोख पैसे जवळ ठेवा, रेंज नसली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत.