वाचक विचारतात : हलकं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

प्रश्न : बेदाण्याचा व्यापार आहे. रोख घेऊन तासगाव-सांगली आणि कधी विजापूरपर्यंत जावं लागतं. परवाना मंजूर झाला आहे. शर्टाखाली दिसणार नाही, कमरेला जाणवणार नाही असं ५०० ग्रॅमचं ‘निर्भीक’ मनात आहे. घ्यावं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : दुकानात हलकं शस्त्र हातात घेतलं की लगेच आवडतं. गोळी झाडल्यावर मत बदलतं. जड रिव्हॉल्व्हरातलंच काडतूस यातही, .३२ इंची. त्याचा धक्काही तेवढाच, पण तो पेलायला वस्तुमान कमी. ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा ५०० ग्रॅमचं सुमारे १.४ पट वेगानं मागे येतं. .३२चा धक्का मुळात सौम्य, त्यामुळे मनगट दुखेल असं नाही. अडचण दुसऱ्या गोळीची आहे. नळी वर उचलली जाते आणि नेम पुन्हा धरायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट चापाची. घोडा (काडतुसावर आदळणारा मागचा खटका) आधी न चढवता चाप ओढला, तर तो जड आणि लांब येतो. शस्त्र हलकं असलं की त्या ओढीतच नळी हलते. ‘निर्भीक’ कानपूरचं, २०१४ साली आलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं. त्याच शहरातलं २०२३चं ‘प्रबल’ ७०० ग्रॅमचं, ७६ मिलिमीटर नळीचं, आणि त्याचं गोळ्या भरायचं चक्र बाजूला उघडतं. तुम्ही बहुतेक वेळ गाडीत बसणार, दिवसभर चालणार नाही. म्हणून आमचा कौल ७००च्या बाजूनं. २०० ग्रॅमचा फरक दीड इंच रुंद, जाड पट्टा सहज पेलतो. लुळ्या पट्ट्यावर मात्र ५०० ग्रॅमही लोंबतात आणि शर्टाखाली फुगवटा दिसतो.

दुकानात असं तपासा. चक्र उघडून सहाही कप्पे स्वतः बघा, बोटही फिरवा. मग विक्रेत्याच्या परवानगीनं डमी काडतुसं घालून, नळी सुरक्षित भिंतीकडे ठेवून, घोडा न चढवता बारा वेळा चाप ओढा. नळीच्या टोकाची माशी (नेम धरायचा उंचवटा) दर वेळी डगमगत असेल, तर ते शस्त्र तुमच्या हाताचं नाही. मुठीखाली करंगळी अधांतरी राहत असेल तरी नको. चाप शेवटपर्यंत दाबून धरा आणि चक्र हलवून बघा. किंचित हललं तर चालेल, खडखडलं तर नाही. नळी खाली मोडून उघडणाऱ्या प्रकारात वरची खिट्टी घट्ट बसते ना, तेही पाहा. असं रिव्हॉल्व्हर हळूहळू उघडलं की रिकामी पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली अडकू शकते आणि मग चक्र बंदच होत नाही. उघडायचं ते एका झटक्यात.

धरताना डाव्या हाताची बोटं चक्राच्या पुढे नेऊ नका. चक्र आणि नळी यांच्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

लपवण्याबद्दल : २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. म्हणजे झाकणं ही हौस नव्हे, अटच आहे. यात्रेत किंवा मिरवणुकीत ते खास परवानगीशिवाय नेता येत नाही. आणि परवान्यावरचं क्षेत्र आधी वाचा. ‘महाराष्ट्र’ एवढंच लिहिलं असेल, तर म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडात शिरलात की गुन्हा झाला. विजापूरची रक्कम आरटीजीएसनं पाठवता आली, तर त्याहून हलकं काही नाही.

प्रश्न : महाबळेश्वरच्या पावसात रिव्हॉल्व्हरला गंज आणि काडतुसांवर हिरवट थर येतो. उपाय काय?

उत्तर : चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवणं बंद करा. कमावलेलं चामडं ओल धरतं, आणि पितळेवरचा हिरवा थर त्याचाच. घरी आल्यावर शस्त्र रिकामं करा, कोरड्या कापडानं पुसा, मग तेलाच्या दोन-तीन थेंबांचा पातळ हात द्या. टायटॅनियम गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आतल्या स्प्रिंगा पोलादी असतात. काडतुसांना मात्र तेल लावू नका. ते झिरपून काडतुसाच्या बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत गेलं की गोळी फुसकी जाऊ शकते. ती कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर, कुलपात ठेवा. थर चढलेली काडतुसं बाजूला काढून विक्रेत्याला दाखवा, घासून पुन्हा वापरू नका.

प्रश्न : वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर चढलं आहे. सहाही गोळ्या भराव्यात का?
– कराड

उत्तर : जुन्या काही रिव्हॉल्व्हरांत घोड्यावर आघात झाला, तर खालचं काडतूस उडू शकतं. तुमच्यात घोडा अडवणारी पट्टी आहे की नाही, हे परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडून पाहून घ्या. तोवर पाचच भरा आणि घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवा.