गाठ तर काढली, मग रोजची गोळी कशाला?

यकृताच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या घरातून हमखास येणारा प्रश्न: "पुन्हा होऊ नये म्हणून काय खायला घालू?" बार्शीकडच्या एका काकूंनीही तोच विचारला. काकांना जुना हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा विषाणूसंसर्ग, त्यातून सिरॉसिस, म्हणजे यकृत वणांनी कडक होणं, त्यातून गाठ. काकूंच्या पिशवीत फाइल आणि गुळवेलीच्या काढ्याची बाटली. मोबाइलवर मुलाने वाचलेलं: पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांना हा आजार उलटतो.

आकडा खोटा नाही. पण आधी मी टेनोफोविरची, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या रोजच्या गोळीची, बाटली मागितली. महिन्याभराच्या तीस गोळ्या. महिना उलटून गेला तरी निम्म्या शिल्लक. "एक दिवसाआड घेतो," काका म्हणाले. "गाठ गेली की आता. खर्च काय कमी झालाय?"

गाठ गेली, यकृत तेच राहिलं. न दिसलेल्या पेशी मागे राहिल्या, तर आजार बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. पुढे खराब यकृतात नवी गाठही धरते, आणि तिथे आपल्या हातात बरंच काही असतं. रोजची गोळी विषाणू दाबून ठेवते, त्याने धोका कमी होतो. मनाने बंद केली तर विषाणू उसळतो आणि सिरॉसिसमध्ये ते जिवावर बेतू शकतं. हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांवर हे औषध मोफत मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

दारू कायमची बंद. सुरुवातीची दोन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून स्कॅन टाळायचा नाही.

काढा मात्र मी थांबवायला सांगितला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. पण कापलेल्या यकृतावर हा वाद कशाला खेळायचा? त्यापेक्षा शेंगदाणे निवडून घ्या. बुरशीच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असतं, भाजल्याने ते पुरतं जात नाही. काळपट, खवट दाणा चटणीत नको. डाळ, अंडी, दूध मात्र भीतीपोटी तोडू नका. अशक्त माणसाला प्रथिनं लागतात.

उठता उठता काकू हळूच म्हणाल्या, "यांचं ताट वेगळं ठेवलंय मी." काका खाली बघत होते. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने होत नाही; तो रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश. घरातल्यांनी तपासणी करायची, निगेटिव्ह असेल त्याने लस घ्यायची.

काकू आणि धाकटा निगेटिव्ह निघाले, लशीचा पहिला डोस झाला. मोठा पॉझिटिव्ह आला. त्याला काही त्रास नव्हता, तरी त्याच आठवड्यात त्याला यकृताच्या डॉक्टरांकडे पाठवलं.